‘फायनल’ नेमकी कोणती?

फाइलचं नाव आपण ठेवतो, तारीख मशीन ठेवतं. फोल्डर कॉपी करताना यातलं एक टिकतं आणि दुसरं गुपचूप गळून पडतं. अकोल्यातल्या एका बंद दुकानाच्या पीसीनं मला हा फंडा शिकवला.

एक सोपा सवाल. तुमच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर ‘फायनल’ नावाच्या किती फाइल्स आहेत? ‘फायनल’, ‘फायनल न्यू’, ‘फायनल रिव्हाइज्ड’, आणि बॉसनं शुक्रवारी संध्याकाळी जीव खाल्ल्यावर जन्मलेली ‘फायनल फायनल’! आता यातली खरीखुरी शेवटची कुठली, हे कसं ओळखता? नावावरून? छे! आपण सगळे गपचूप ‘डेट मॉडिफाइड’च्या कॉलमवर क्लिक करतो आणि जी सगळ्यात वर येईल ती क्लायंटला पाठवून मोकळे होतो.

म्हणजे आपला भरवसा तारखेवर असतो. आणि नवा लॅपटॉप आला, की आपण काय करतो? कंट्रोल ए, कंट्रोल सी, कंट्रोल व्ही… चहा घेऊन येईपर्यंत सगळं नव्या घरात. विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हापासून तर घराघरांत, ऑफिसाऑफिसांत हा शिफ्टिंगचा कार्यक्रम सुरू आहे. सामान पोचतं, पण बऱ्याचदा तारखा पोचत नाहीत. आणि गंमत म्हणजे ‘तारखा गेल्या’ असा कुठलाही मेसेज स्क्रीनवर येत नाही.

एका फाइलच्या तीन तारखा

थोडा बेसिक फंडा क्लिअर करू या. विंडोजमध्ये प्रत्येक फाइलला तीन तारखा असतात. ‘क्रिएटेड’, म्हणजे ही फाइल या डिस्कवर कधी जन्मली. ‘मॉडिफाइड’, म्हणजे आतला मजकूर शेवटचा कधी बदलला. आणि ‘अॅक्सेस्ड’, म्हणजे शेवटची कधी उघडली. ही तिसरी तारीख फार मनावर घेऊ नका. जुन्या एक्सपीवर नुसतं डोकावलं तरी ती बदलायची, आणि व्हिस्टापासून विंडोजनं ती नोंदवणंच बाय डिफॉल्ट बंद केलं होतं.

या तारखांचा हिशेबही मजेशीर आहे. विंडोजची एनटीएफएस पद्धत १ जानेवारी १६०१पासून वेळ मोजते. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या २९ वर्षं आधीपासून! आपल्या जुन्या पेन ड्राइव्हवरची फॅट पद्धत मात्र १९८०च्या आधीचं काही मानतच नाही, आणि मॉडिफाइडची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यात लिहिते.

आता खरा लोचा. एक्सप्लोररमध्ये साधं कॉपी-पेस्ट केलं, की फाइलची ‘मॉडिफाइड’ तारीख टिकते, पण ‘क्रिएटेड’ आजची होते. का? कारण विंडोजच्या मते ही नवी फाइल आत्ताच जन्माला आली. फोल्डरवरही साधारण आजचाच शिक्का पडतो. म्हणून कॉपी केलेल्या फाइलची प्रॉपर्टीज उघडली, की एक अजब प्रकार दिसतो : क्रिएटेड २०२५, मॉडिफाइड २०१४. म्हणजे जन्माच्या अकरा वर्षं आधीच बाळाचं जावळ काढलं! असं दिसलं, की समजावं, ही फाइल दुसरीकडून कॉपी होऊन आली आहे.

‘मग काय झालं? मजकूर तर आहे ना!’ मलाही कुणी हे आधी सांगितलं असतं, तर मी हेच म्हटलं असतं. पण मामाच्या उधारीचा प्रश्न आला.

टिळक रोडचं डीटीपी

माझा मामा अकोल्यात टिळक रोडजवळ डीटीपीचं दुकान चालवायचा. लग्नपत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं, उद्घाटनाचे बोर्ड. कोरल ड्रॉ, पेजमेकर आणि श्रीलिपी या तिघांच्या जिवावर त्यानं दोन पोरं शिकवली. लग्नसराईत दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. एका बाजूला वरबाप, दुसऱ्या बाजूला वधूबाप, मध्ये मामा. आणि वाद एकच : ‘आमच्या मोठ्या बापूंचं नाव दुसऱ्या ओळीत कसं?’

मार्च २०२०मध्ये लॉकडाऊन लागला. लग्नं पुढं गेली, छापलेल्या पत्रिका गठ्ठ्यांतच राहिल्या. दुकान मधूनमधून उघडायचं. एप्रिल २०२१मध्ये मामा गेला. पीसीवर कापड टाकलेलं, तो तसाच राहिला.

२०२२च्या दिवाळीत मामीनं गाळा रिकामा करायचं ठरवलं. त्याआधी ओळखीच्या एका रिपेअरवाल्यानं पीसीतला सगळा डेटा एका एक्स्टर्नल डिस्कवर ‘घेऊन’ दिला होता. पण त्यात उधारीचं काहीच सापडेना. मामी म्हणत होती, त्यांनी कम्प्युटरमध्येच लिहून ठेवलं होतं, मी डोळ्यांनी पाह्यलं.

मामी खोटं बोलत नव्हती. गिऱ्हाइकं कायम खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावायची, म्हणून मामानं उधारीचं फोल्डर ‘हिडन’ करून ठेवलं होतं. तारखांसारखंच हेही फाइलच्या अंगावरचं एक लेबल असतं, त्याला अॅट्रिब्यूट म्हणतात. हिडन, रीड-ओन्ली, सिस्टिम आणि आर्काइव्ह ही त्यातली नेहमीची चार. ड्राइव्ह उघडून कंट्रोल ए मारलं, की समोर दिसतं तेवढंच सिलेक्ट होतं. हिडन फोल्डर दिसतच नव्हतं, त्यामुळे ते मागंच राहिलं. रिपेअरवाल्याच्या दृष्टीनं काम पूर्ण, मामीच्या दृष्टीनं दुकानाची सगळी येणी गायब.

माझ्या मामेभावानं डोकं लावून ते फोल्डर शोधलं. आत नोटपॅडच्या चार फाइल्स होत्या : ‘उधारी’, ‘उधारी न्यू’, ‘उधारी फायनल’ आणि ‘उधारी फायनल २’. इंग्रजी अक्षरांत नावं, पुढं आकडे. त्यानं त्या व्हॉट्सअॅपवर स्वतःला पाठवल्या, मोबाइलवर उतरवल्या आणि मला दाखवल्या.

‘ताई, चारहीवर एकच तारीख हाय. आजची. आता काय करतं?’

अर्थात! व्हॉट्सअॅप असो की ईमेल, डाउनलोड झालेल्या फाइलवर डाउनलोडची वेळ पडते. इथं मॉडिफाइड तारीखही वाचत नाही.

‘फायनल २’मध्ये अकरा नावं होती, ‘न्यू’मध्ये सहा. घरातल्या सगळ्यांचं मत पडलं, की फायनल २ म्हणजे शेवटचीच असणार, नावच सांगतंय. लावा अकरा जणांना फोन. मामी मात्र अडून बसली.

‘पोरी, ज्यानं पैसे देले त्यालेच पुन्हा मागतले, तं लोक काय म्हनतीन? म्हनतीन, मानूस गेला अन् बाई लुबाडाले बसली. मले नाही पाह्यजे असे पैसे.’

आता कळलं ना, तारखेचं काय एवढं? रक्कम फार मोठी नव्हती. पण अकोल्यासारख्या गावात, जिथं बाजारात चार माणसं नावानं हाक मारतात, तिथं मामाचं नाव पणाला लागलं होतं.

डिस्क उघडली, पीसी नाही

नशीब हे, की मूळ पीसी अजून भंगारात गेला नव्हता. तो मी सुरूच केला नाही. हार्ड डिस्क काढून यूएसबी कनेक्टरनं माझ्या लॅपटॉपला जोडली आणि पहिलं काम केलं, ते तारखांसकट संपूर्ण कॉपी काढण्याचं.

यासाठी कुठलंही विकतचं सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजमध्येच ‘रोबोकॉपी’ नावाची कमांड असते. नाव ऐकून हॉलिवूडचा पोलीस आठवला तरी हिचा अर्थ ‘रोबस्ट फाइल कॉपी’, म्हणजे दणकट कॉपी. पूर्वी ती विंडोज एनटीच्या रिसोर्स किटमध्ये वेगळी मिळायची, व्हिस्टापासून ती विंडोजसोबतच येते. काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, ‘रोबोकॉपी’ लिहायचं, मग कुठून आणि कुठं ते दोन पत्ते, आणि पुढं काही स्विच. स्विच इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचे, मी फक्त उच्चार देते.

‘स्लॅश ई’ म्हणजे आतली सगळी सबफोल्डर्स घे, रिकामी असली तरी. ‘स्लॅश कॉपी, कोलन, डीएटी’ म्हणजे फाइलचा डेटा, अॅट्रिब्यूट्स आणि टाइमस्टॅम्प, तिन्ही आण. हे रोबोकॉपी न सांगताही करते. पण खरी मेख पुढं आहे : ‘स्लॅश डीकॉपी, कोलन, डीएटी’. यातला डी डिरेक्टरीचा. हा स्विच दिला नाही, तर फाइल्सच्या तारखा टिकतात आणि फोल्डरच्या मात्र जातात.

आणखी दोन छोटे स्विच जुन्या डिस्कसाठी फार कामाचे : ‘स्लॅश आर, कोलन, १’ आणि ‘स्लॅश डब्ल्यू, कोलन, १’. एखादी फाइल वाचता आली नाही, तर रोबोकॉपी स्वतःहून दर ३० सेकंदांनी, तब्बल दहा लाख वेळा प्रयत्न करते! मरायला टेकलेल्या डिस्कवर एवढी चिकाटी परवडत नाही. एकदा बघ, एक सेकंद थांब, पुढं चल, असं तिला सांगावं लागतं.

एक धोक्याची सूचना. नेटवर बरेच जण ‘स्लॅश एमआयआर’ सुचवतात. एमआयआर म्हणजे मिरर. हुबेहूब आरसा हवा म्हणून, मूळ जागी जे नाही ते ती दुसऱ्या जागेवरून पुसून टाकते. दोन पत्ते उलटे पडले, तर खेळ खल्लास. भीती वाटत असेल, तर आधी ‘स्लॅश एल’ लावून बघा. मग ती प्रत्यक्षात काहीच हलवत नाही, काय-काय करणार त्याची फक्त यादी देते.

मॅक किंवा लिनक्सवाल्यांनी नाराज होऊ नये. त्यांच्या टर्मिनलमध्ये साध्या ‘सीपी’ कमांडला ‘मायनस पी’ जोडलं, की मॉडिफाइडची तारीख आणि परवानग्या टिकतात. ‘आरसिंक’ला ‘मायनस ए’ दिलं, की अख्खं फोल्डर त्याच हिशेबानं येतं.

मामाची सिस्टिम

आता चारही फाइल्सच्या खऱ्या तारखा समोर होत्या. आणि त्या बघून मी पाच मिनिटं नुसती स्क्रीनकडे पाहत बसले.

‘उधारी फायनल’ : क्रिएटेड आणि मॉडिफाइड, दोन्ही ऑक्टोबर २०१८. ‘उधारी फायनल २’ : दोन्ही ऑक्टोबर २०१९. नुसतं ‘उधारी’ २०१६मध्ये जन्मलं आणि २०१७मध्येच थांबलं. आणि ‘उधारी न्यू’? क्रिएटेड २०१७, मॉडिफाइड १९ मार्च २०२०.

एकदम सगळं चित्र उघडलं. ‘न्यू’ हे मामाचं चालू खातं होतं. तीन वर्षं तो त्यात नाव टाकत होता, पैसे आले की ओळ खोडत होता. आणि दरवर्षी दिवाळीच्या वसुलीआधी तो त्याची एक प्रत काढून ठेवायचा. ती ‘फायनल’. एका दिवसात जन्मलेली, पुन्हा कधीही न उघडलेली. मामाच्या भाषेत फायनल म्हणजे शेवटची नाही, तर त्या दिवाळीपुरती फायनल!

लक्षात घ्या, फक्त मॉडिफाइड तारखेनं एवढंच कळलं असतं, की ‘न्यू’ नंतरची आहे. ती का नंतरची, आणि बाकीच्या कशासाठी होत्या, हे क्रिएटेड आणि मॉडिफाइड शेजारी ठेवल्यावरच कळलं. माणूस गेल्यावर त्याची सिस्टिम समजावून सांगायला कुणी उरत नाही. इथं ते काम दोन तारखांनी केलं.

मग मी पत्रिकांचं फोल्डर उघडलं. तिथंही तेच. पत्रिकेची फाइल पहिल्यांदा सेव्ह झाली तो दिवस क्रिएटेड, शेवटचं प्रूफ पास झालं तो मॉडिफाइड. काहींत दोन तासांचं अंतर, काहींत तीन आठवड्यांचं. तीन आठवडे म्हणजे बापूंच्या नावाचा वाद मिटायला लागलेला वेळ, असं मामेभावाचं म्हणणं! रिपेअरवाल्याच्या डिस्कवर याच पत्रिकांच्या क्रिएटेड तारखा एकाच दुपारच्या होत्या.

तारीखही खोटं बोलते

पण थांबा, सगळंच गोड नाही. पत्रिकांमध्ये एक मोठा गठ्ठा १ जानेवारी २००३ या तारखेचा निघाला. आणि हा पीसी दुकानात आला होता २००६मध्ये!

याचं उत्तर मदरबोर्डवरच्या रुपयाएवढ्या सेलमध्ये आहे. पीसी बंद असताना घड्याळ चालू ठेवतो तो हा सेल. तो मेला, की वीज गेल्यावर घड्याळ बोर्डच्या मूळ तारखेवर जाऊन बसतं. वऱ्हाडात तेव्हा लोडशेडिंगचे तासच्या तास असायचे. गिऱ्हाईक समोर उभं, लाइट आत्ताच आलेली, अशा वेळी कोण बसतंय तारीख दुरुस्त करत?

मग खरी तारीख कशी काढायची? पत्रिका उघडायची! आत तिथी, वार, मुहूर्त सगळं छापलेलं असतंच. २००३ची म्हणवणारी एक पत्रिका निघाली मे २००९च्या लग्नाची. उधारीच्या बाबतीतही आम्ही हाच उलटतपास केला. ‘न्यू’मधल्या शेवटच्या दोन नावांच्या पत्रिका फेब्रुवारी २०२०मधल्या लग्नांच्या होत्या. म्हणजे १९ मार्चची तारीख पटण्यासारखी होती.

फाइलची तारीख ही साक्ष आहे, पुरावा नाही. ती चुकते आणि मुद्दाम बदलताही येते. कोर्टालाही हे माहीत आहे. बुलढाण्यापलीकडच्या जालन्याची केस बघा. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत तिथं अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांना अवघ्या २९६ मतांनी हरवलं. वाद गेला घड्याळावर : उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबर २०१४ला दुपारी ३च्या मुदतीत आला होता का? निवडणूक कार्यालयाच्या व्हिडिओ रेकॉर्डिंगवर बोट ठेवलं गेलं. पण कोर्टात आल्या त्या सीडी, म्हणजे कॉपी. १४ जुलै २०२०ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं, की मूळ मशीनच हजर केलं तर गोष्ट वेगळी, पण इलेक्ट्रॉनिक कॉपी द्यायची तर कायद्याचं सर्टिफिकेट हवंच. या केसमध्ये मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नव्हतं, म्हणून तेवढी सूट मिळाली आणि निवडणूक रद्द करणारा हायकोर्टाचा निकाल कायम राहिला.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३मध्ये हे सर्टिफिकेट आणखी कडक झालं. आता त्यात फाइलचा ‘हॅश’ही लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला अंगठ्याचा ठसा. आत एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी ठसा बदलतो. तारीख बदलली तर मात्र हॅश बदलत नाही. म्हणून मजकूर तोच आहे हे हॅश सांगतो, आणि कधीचा आहे हे सांगायला तारीख लागते. दोन्ही जपावं लागतं.

सहा फोन

मामीला कोर्टात जायचं नव्हतंच. तिनं सहा फोन केले. प्रत्येक फोनची सुरुवात एकच : ‘भाऊ, यांच्या वहीत असं लेहलेलं हाय, तुमाले आठवते का पाहा.’ चौघांनी आठवडाभरात पैसे आणून दिले. एकानं कापूस विकल्यावर देतो म्हटलं आणि दिले. एक नंबर बंद होता. ‘फायनल २’मधल्या उरलेल्या पाच जणांना कधी कळलंही नाही, की त्यांच्या नावावर आमच्या घरात दोन दिवस चर्चा झाली. त्यातला एक जण दिवाळीला फराळ घेऊन आला होता.

तुमच्यासाठी, या वीकेंडला

तुमच्याकडे मामाचं दुकान नसेल, पण आईच्या जुन्या पीसीवरचे फोटो असतील, पहिल्या नोकरीचं काम असेल, फ्रीलान्सची बिलं असतील. फोटोंचं थोडं बरं असतं. कॅमेऱ्यानं काढल्याची तारीख फोटोच्या पोटातच असते, पण व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला, की तीही जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मग राहते. वर्ड-एक्सेलच्या फाइलमध्येही शेवटच्या सेव्हची नोंद आत असते. नोटपॅडच्या पोटात मात्र काहीच नसतं, त्याची सगळी कुंडली बाहेरच्या तारखांवर. अशा फाइल्स पाठवायच्याच असतील, तर आधी झिप करा. झिपमध्ये निदान मॉडिफाइडची तारीख शाबूत राहते.

आणि कॉपी झाली, की लगेच ‘शिफ्ट डिलीट’चा मोह नको. दोन्हीकडची पाच-सहा फोल्डर्स उघडा, प्रॉपर्टीजमधल्या तारखा शेजारी-शेजारी ठेवून बघा, हिडन फाइल्स दिसतील अशी सेटिंग करून एकदा मोजा. जुळलं, तरी जुनी डिस्क महिनाभर कपाटात राहू द्या. मामाची अजून आहे, त्याच्याच एका पत्रिकेच्या पाकिटात. वर मामीनं बॉलपेननं लिहिलंय : ‘दुकान. २००६ ते २०२०.’